तिसरा शेरा

९ फेब्रुवारी

तपासनीस बाईंना,

नंबर तू ब्लॉक केलास, मेल उघडत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडायचा तरी हात लावावा लागतो. नव्या शहरातला पत्ता तुझ्या आईनं दिला. दाराची साखळी न काढता दिला, पण दिला.

कामाचं बोलतो. मला बक्षीस मिळालं आहे. हसू नकोस. स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संघटनेचं, पस्तिशीच्या आतल्या माणसाच्या 'वर्षातील सर्वोत्तम कल्पने'साठी. मला! मागच्या वर्षीच्या बॅचचे आकडे प्रयोगवहीत उतरवून काढा म्हणाले म्हणून ज्यानं तिसऱ्या वर्षाला वही टराटरा फाडून विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली आणि कॉलेज सोडलं, त्याला. तू व्हरांड्यात उभी होतीस. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता आणि तू एवढंच म्हणालीस, "फाडलीस ते ठीक. पण ती वही माझी होती."

नाव काकांनी परस्पर पाठवलं. त्यांच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढणाऱ्याला असलं बक्षीस मिळू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं. अर्जात 'शिक्षण' असा रकाना होता, त्यात त्यांनी लिहिलं, 'चालू'. मी म्हटलं, "काका, हे खोटं आहे." ते म्हणाले, "का? माझंही चालूच आहे."

पूल कोणता ते सांगायला नको. कालव्यावरचा, नुसता पायी जाणाऱ्यांसाठीचा. ज्याच्या पहिल्या ड्रॉइंगवर तू लाल पेनानं 'अमान्य' लिहिलंस तो. ज्याच्यावरून आपलं बोलणं बंद झालं तो. बक्षीस त्याच्या पायांना आहे. आधी काकांनी सरळ एकेरी खांब दिले होते. तुझा नकार आल्यावर त्या जागी दोन-दोन तिरके, खाली फाकलेले पाय आले. काका ऑफिसात येईल त्याला सांगतात, ही कल्पना आमच्या पोराची. परीक्षकांनी मानपत्रात लिहिलंय, 'नर्तकीच्या पदन्यासाची आठवण करून देणारी डौलदार बैठक.' नर्तकी! परीक्षकांपैकी एकानंही पुलावर पाय ठेवलेला नाही. संध्याकाळच्या उजेडातले फोटो पाहिले आणि भाळले.

घरी मात्र भूकंप झालाय. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. समोरासमोर जेवायला बसलो तरी आईला सांगतात, "त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव." आई म्हणते, "अरे, मीठ सरकव." मी सरकवतो. परवा मानपत्राची प्रत टेबलावर होती. बाबांनी ती उभ्यानं वाचली, बसून वाचली, आणि आईला म्हणाले, "त्याला विचार, समारंभाला कोट घालावा लागतो का."

समारंभ वीस मार्चला आहे. पास दोन मिळतात. एक बाबांचा झाला. दुसऱ्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

मी मजेत.


१६ फेब्रुवारी

प्रिय,

मजेत नाही.

संघटनेचं पत्र आलंय. नुसतं बक्षीस घ्यायचं नाही, मंचावर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय त्यांनीच दिला: 'कल्पना कशी सुचली?'

काय सांगू? तूच सांग, कशी सुचली?

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो, मला रोज आठवतं. ड्रॉइंग नापास होऊन आलं त्याच संध्याकाळी मी तुला बसमध्ये गाठलं. खाली तुझी सही पाहिली होती. त्याआधी महिनाभर आपण दोघं रोज त्याच बसनं एकत्र जात होतो, आणि काकांचा पूल तुझ्या ऑफिसात तुझ्याच टेबलावर आहे याचा तू मला पत्ता लागू दिला नव्हतास. नियम म्हणे. ज्यानं डिझाइन केलं त्याच्याशी तपासणाऱ्यानं त्याबद्दल बोलायचं नाही, त्याची गणितं बघायची नाहीत, आपलं सगळं शून्यापासून करायचं, आणि शेवटी पास की नापास तेवढं लिहायचं. मला त्या दिवशी नियम ऐकायचा नव्हता. मी दांडा सोडून दोन्ही हातांनी भांडत होतो. "लोक चालायला लागले की आडवा झुलतो म्हणे! काकांनी तू शाळेत होतीस तेव्हापासून पूल बांधलेत!" सगळी बस ऐकत होती. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी म्हणालो, "तुला माझ्या घरच्यांना खाली दाखवायचं आहे."

आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

मी ज्यांच्यावर पडलो त्या गृहस्थांच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे होता. पुढचं सांगत नाही. तू रुमाल दिलास, आणि तुझा स्टॉप आला म्हणून उठलीस, आणि दारातून मागे वळून म्हणालीस, "भांडायचं तर पाय फाकवून उभा राहा. काठीसारखा उभा राहिलास तर आडवा होणारच."

ते तुझं शेवटचं वाक्य. नंतर तू त्या बसमध्ये दिसलीच नाहीस. मग कळलं, शहरच बदललंस.

दुसऱ्या दिवशी काका खांबांकडे बघून डोकं खाजवत बसले होते. जाड करून पाहिले, पूल बेढब झाला. माझ्या शर्टाला अजून वास येत होता. मी म्हटलं, "काका, पाय फाकवून उभा केला तर?" त्यांनी पेन्सिल उचलली. बस्स. ते ड्रॉइंग पास होऊन आलं, त्याच्याखालीही तुझीच सही.

आता मला कळेना झालंय. तू ते माझ्याबद्दल बोललीस की पुलाबद्दल? तुला उत्तर आधीच दिसलं होतं आणि नियमामुळे सांगता येत नव्हतं, म्हणून जाता जाता माझ्या कानात टाकलंस? की तू नुसती चिडली होतीस आणि बाकीचं माझ्या डोक्यानं केलं? एका दिवशी वाटतं, कल्पना माझी आहे, तुझ्या बोलण्यात पूल कुठे होता? दुसऱ्या दिवशी वाटतं, मी चोर आहे. दाढी करताना एक ठरवतो आणि बूट घालेपर्यंत दुसरंच.

आज ठरवलंय. कल्पना तुझी आहे. मी मंचावर सगळ्यांसमोर तुझं नाव घेणार. बक्षीस तुझं, टाळ्या तुझ्या. बाबांचं काय व्हायचं ते होवो. मला जगाला सांगायचं आहे की तू कोण आहेस.

मी अजून त्याच बसनं जातो.


३ मार्च

बाई,

पाकीट मिळालं. हातात घेतलं तेव्हा जाड लागलं, मला वाटलं मोठं पत्र आहे. जिना चढताना मी शिटी वाजवत होतो, हे तुला कळावं म्हणून सांगतो.

माझंच पत्र परत! आणि त्याच्यावर लाल पेन!

हे असं कोणी करतं का? माणसानं काळीज काढून कागदावर ठेवलं, तर तू समासात शेरे मारलेस, नंबर घातलेस, आणि पुढे 'बंद' लिहिलंस, शेरा निकाली निघाला की ऑफिसात ड्रॉइंगवर लिहितात तसं. तू काय लिहिलंस ते तुलाच वाचून दाखवतो, म्हणजे कसं वाटतं ते कळेल.

'कल्पना तुझी आहे' याच्यासमोर: 'शेरा १. चूक. बसमध्ये मी पुलाबद्दल एक अक्षरही बोलले नाही. पडणाऱ्या माणसाला पडू नकोस म्हणाले. बंद.'

'तुझं नाव घेणार' याच्यासमोर: 'शेरा २. अमान्य. तपासणाऱ्यानं एक रेघ जरी सुचवली, तर ती रेघ तपासायला कोणी उरत नाही. मग पूल तपासलेलाच नाही. त्यावरून रोज माणसं जातात. बंद.'

आणि 'मी अजून त्याच बसनं जातो' या ओळीभोवती लाल गोल, वर '३'. पुढे काहीच नाही. शाई संपली का?

तुला काय वाटतं, मी तुला बुडवायला निघालो होतो? मी तुला बक्षीस देत होतो! लोक मरतात बक्षिसाच्या एका पितळी पाटीसाठी, नावापुढे दोन ओळी लावता याव्यात म्हणून परीक्षकांना वाढदिवसाला फोन करतात, आणि तू म्हणतेस 'अमान्य'. ठीक आहे. मग मीच घेतो. हसत घेतो. कोट शिवून घेतो. सांगतो, कल्पना माझी, पाय माझे, आणि मी एका बाईशी भांडत होतो हे तेवढं खोटं, मी कधी कोणा बाईशी बोललोच नाही.

पुन्हा लिहिणार नाही.


७ मार्च

प्रिय,

मागचं पत्र मी रागाच्या भरात पेटीत टाकलं आणि मग पेटीत हात घालून ते काढायचा प्रयत्न केला. मनगट अडकलं. पोस्टमन आला तेव्हा सुटलं. त्यानं पत्र परत दिलं नाही. तेव्हा ते तुला मिळालं असणार.

काल काकांशी बोललो. तुझं नाव काढलं नाही, शपथेवर सांगतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, समजा तपासणाऱ्यानंच डिझाइन सुचवलं, तर काय होतं?"

काका नकाशांच्या गुंडाळ्या सोडत होते. कागद पुन्हा गुंडाळू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यावर एक जड पितळी पाटी ठेवली. त्यांना मिळालेल्या बक्षिसांपैकी होती ती.

"कुठल्या पुलाबद्दल विचारतोयस?"

"कुठल्याच नाही."

"मग कुठल्याच नसलेल्या पुलाबद्दल सांगतो. मी माझ्या डिझाइनवर माया करतो. करणारच, रात्रंदिवस मांडीवर घेतलेलं असतं. माझी चूक मला दिसत नाही. म्हणून दुसरे डोळे लागतात, ज्यांना माया नाही असे. त्यांनीच कल्पना दिली तर त्यांनाही माया झाली. डोळे गेले."

"पण पूल चांगला असला तर? माणसं आणून, उड्या मारायला लावून चाचणी घेतली असली तर?"

"पूल राहील रे उभा. प्रश्न पुलाचा नाही. एकदा बोभाटा झाला की तिची नोंदणी जाते, आणि आजवर तिनं जे जे तपासलं ते सगळं पुन्हा उघडतात. शाळा, दवाखाने, सगळं."

मी 'तपासणारा' म्हटलं होतं. ते 'तिची' म्हणाले, आणि लगेच चष्मा पुसायला लागले. त्यांना किती माहीत आहे, देव जाणे. तुझी सही त्यांनीही पाहिलीच असेल, आणि माझ्या शर्टाचा वास तर सगळ्या ऑफिसनं घेतला होता.

मग मी त्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं. "ही कशाची?"

"ही? एका वाचनालयाच्या छताची. छत अजून गळतं."

"मग बक्षीस कसं मिळालं?"

"परीक्षक उन्हाळ्यात आले होते."

"मग याची किंमत काय, काका? खरं सांगा."

त्यांनी पाटी उचलून उलटीसुलटी करून पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "मला खरंच माहीत नाही. पहिलं मिळालं तेव्हा आठवडाभर उशाशी घेऊन झोपलो. तुझी काकू म्हणाली, मला तरी कधी एवढं जवळ घेतलं नाहीस. आता यांनी कागद दाबतो. पण पुढच्या वर्षी नाही मिळालं की परीक्षक गाढव वाटतात, आणि मिळालं की जाणकार. मी काय सांगणार?"

"मग माझं नाव कशाला पाठवलंत?"

"दादा तुझ्याशी बोलावा म्हणून," काका म्हणाले. "मीठ मागायला तरी."

मी घरी चालत आलो. म्हणजे बक्षीस परीक्षकांनी नर्तकीला दिलं, काकांनी बाबांना दिलं, मी तुला देत होतो, आणि तू परत पाठवलंस. पुलाला कोणी दिलं? मला काही म्हणजे काही समजत नाही.

एक कळलं. मी नाव घेतलं असतं तर तुझं काय झालं असतं ते मला आधी सुचलंच नव्हतं. मी टाळ्या ऐकत होतो. तुझा दुसरा शेरा मान्य.

पण मग वीस तारखेला उभा राहून बोलू काय? तुझं नाव घेतलं तर तू बुडतेस. नाही घेतलं तर मी चोर. जातच नाही म्हटलं तर बाबांनी कोट इस्त्रीला दिलाय.


२१ मार्च

प्रिय,

झालं. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो.

सभागृहात खुर्च्यांना पांढरी कापडं होती आणि पुढच्या तीन रांगा नावांच्या. काका तिसऱ्या रांगेत. बाबा त्यांच्या शेजारी, कोट खांद्यात घट्ट. तुझ्यासारखे तपासणीवाले शेवटच्या दोन रांगांत बसतात, हे मला काल कळलं. नियम नाही, पण बसतात. चेहऱ्यावरून ओळखू येतात. भाषण चालू असताना छताकडे बघत असतात.

माझ्याआधी एका मोठ्या माणसाला जीवनगौरव दिला. त्यांनी सगळ्या गुरूंचे आभार मानले, सिमेंटचे मानले, पत्नीचे राहिले. खाली येताना आठवलं, तेव्हा माइक बंद होता.

मग मी. हातात काचेसारखा ठोकळा दिला, आत वाकवलेली सळई. फोटो झाला. माइकसमोर उभा राहिलो आणि दाढीच्या वेळी पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "मी बसमध्ये भांडत होतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "कोणाशी?"

"कंडक्टरशी," मी म्हणालो. हशा झाला. तुझी क्षमा मागतो, तुला कंडक्टर केलं.

मग पडलो ते सांगितलं. अंडी सांगितली. म्हणालो, "आडवा पडल्यावर कळलं की पाय जवळ घेऊन ताठ उभं राहणं ही फार चांगली पद्धत नाही. मानपत्रात नर्तकी म्हटलंय, पण खरं म्हणजे ते पाय बसमध्ये पडलेल्या माणसाचे आहेत. ज्यांनी जोरात ब्रेक मारला त्या ड्रायव्हरांचे आभार, आणि ज्यांची अंडी फुटली त्यांचेही." लोक हसत होते. बाबा हसत नव्हते, पण त्यांनी काकांना कोपर मारलं, ते मी पाहिलं.

इथे थांबायचं होतं. थांबलो नाही. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण नाव घेतलं नाही, घाबरू नकोस. म्हणालो, "त्याआधीचं ड्रॉइंग तपासणीत नापास झालं होतं. ते पास झालं असतं तर आज आम्ही इथे नसतो, चौकशी समितीसमोर असतो. तपासणाऱ्याचं नाव मानपत्रात नाही. अर्जात त्याला रकानाच नाही, आणि मला सांगितलं गेलंय की नसावाच. बरं. पण आमच्या पुलाबद्दल सगळ्यात खरं जे कोणी बोललं असेल ते तो एक शब्द होता, 'अमान्य'. त्याला बक्षीस देता येत नसेल, तर टाळ्या तरी वाजवा."

आधी कोणीच वाजवल्या नाहीत. मग शेवटच्या दोन रांगांतून सुरू झाल्या.

हे चाललं का? 'अमान्य' म्हणणं तुझं कामच होतं, त्यात कल्पना सुचवणं येत नाही, बरोबर ना? मी सगळं नीट मोजून बोललो. तरी चुकलं असेल तर लिही.

बाहेर आल्यावर काका गाडी आणायला गेले. मी आणि बाबा पायऱ्यांवर उभे. आई घरी, मधे बोलायला कोणी नाही. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग थेट माझ्याकडे.

"कंडक्टर मुलगी होती का?"

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि हे! मी म्हणालो, "हो."

"हं," बाबा म्हणाले. "पूल कुठे आहे तुझा?"

काकांनी आम्हाला कालव्यापाशी सोडलं आणि कामाचं निमित्त काढून गेले. सुट्टीचा दिवस होता, पुलावर गर्दी. सायकल हातात धरून नेणारे, बाबागाड्या, पळणारी माणसं. टोकाला दगडी पाटी आहे. डिझाइन कोणाचं, बांधलं कोणी, उद्घाटन कोणाच्या हस्ते, सगळं कोरलंय. बाबांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. माझंही नाव तिच्यावर नाही, ते बघून त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. मग ते पुलाच्या बरोबर मध्यावर गेले, कोटाची बटणं सोडली, आणि उडी मारली.

बाबांनी! मी त्यांना कधी पळतानाही पाहिलेलं नाही. दुसरी मारली. एक बाबागाडीवाली बाई थांबून बघायला लागली. मग बाबांनी पाय फाकवले आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर जोर देत सगळं अंग इकडून तिकडे झुलवलं.

"हलत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तपासला कोणी?"

"आहे एक जण."

"चांगलं काम आहे," बाबा म्हणाले, आणि रुमालानं मान पुसायला लागले.

मी कठड्याला टेकून उभा राहिलो. माझ्या मनात आलं, हा पूल झुलला असता तर तुझं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराला ठाऊक झालं असतं. झुलत नाही, म्हणून ते फक्त मला ठाऊक आहे. याचा मला आनंद व्हायला हवा की राग यायला हवा, ते काही ठरवता आलं नाही. ठोकळा बाबांच्या हातात होता. त्यांनी तो घरी नेऊन टेबलावर ठेवला, आणि रात्री जेवताना म्हणाले, "मीठ दे." मी दिलं. आईचा घास हातातच राहिला.

आता एकच. तुझी नोंदणी, शेरे, नियम, सगळं मान्य. पहिला शेरा तू 'बंद' केलास. दुसरा 'बंद' केलास. पहिला खरा आहे की मला वाचवायला लिहिलास, हे मी आता विचारत नाही. पण तिसरा? आज ऑफिसात काकांना विचारलं, "शेऱ्याला नंबर आहे, गोल आहे, मजकूर नाही, पुढे 'बंद' नाही. असं ड्रॉइंग आलं तर काय समजायचं?"

काका म्हणाले, "विसरला असेल."

मी म्हटलं, "ती विसरत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग शेरा खुला आहे. तपासणाऱ्याला घाई करायची नाही. आपण ड्रॉइंगला हात लावायचा नाही, आणि वाट बघायची."

दुसरा पास वापरला नाही, तो पाकिटात घालतोय. तारीख उलटून गेली आहे, उपयोग काही नाही.

बस मात्र तीच आहे. हल्ली मी तिच्यात पाय फाकवून उभा राहतो. माझ्या शेजारी एका माणसापुरती जागा अडते. लोक कुरकुर करतात.